तोल कुणाचा आणि शिल्लक कुणाची?

परदेशी व्यापाराचा तोल, हुंडणावळीचा दर, परकीय चलनाची गंगाजळी हे शब्द दिसले की सामान्य वाचक पान उलटतो. हा विषय दिल्लीच्या अर्थखात्याचा आणि मुंबईच्या रिझर्व्ह बँकेचा, त्याच्याशी बडनेऱ्याच्या शिक्षकाचा किंवा अमरावतीच्या कचेरीतील लेखनिकाचा संबंध काय, असे त्याला वाटते. परंतु गेल्या काही वर्षांत वरूड, मोर्शी, चांदूर बाजार आणि अचलपूर या तालुक्यांतील संत्रा बागाईतदाराला हा संबंध फार महागात कळला आहे. आपल्या संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश. त्या देशाने २०१९ च्या सुमारास किलोमागे २० रुपयांच्या आसपास असलेले आयातशुल्क चढवत चढवत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर नेले. बागेत किलोला जो भाव मिळतो त्याच्या कितीतरी पट कर सरहद्दीवर भरावा लागला, तर पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्याकडे मालमोटार पाठवणार कोण? माल देशातल्याच बाजारात तुंबला आणि भाव कोसळला. त्या वर्षी राज्य सरकारने आयातशुल्काच्या निम्मी रक्कम, म्हणजे किलोला ४४ रुपये, अनुदान म्हणून देण्याची घोषणा केली. एका परक्या सरकारच्या तिजोरीत जाणाऱ्या कराची निम्मी भरपाई महाराष्ट्राच्या तिजोरीतून करण्याचा हा प्रकार किती काळ चालणार, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

बांगलादेशाविषयी त्या वेळी आपल्याकडे बराच संताप व्यक्त झाला. संताप समजण्यासारखा आहे. पण संतापाने कारण कळत नाही. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी क्षेत्रफळाच्या त्या देशाने असे का केले, त्याच्या परदेशी व्यापाराचा तोल दीर्घकाळ टिकेल काय, आणि त्या तोलाच्या हिशेबात आपण वऱ्हाडी लोक कोठे बसतो, याचा विचार करणे अधिक उपयोगाचे. कारण ढाक्याच्या जमाखर्चात डोकावले की त्यात आपल्याच जमाखर्चाचे काही आकडे दिसू लागतात.

ढाक्याची अडचण

ऑगस्ट २०२१ मध्ये बांगलादेशाच्या गंगाजळीत ४८ अब्ज डॉलर होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, तेल, वायू, गहू आणि खते महागली, आणि पुढील दोन वर्षांत ही गंगाजळी निम्म्याहून खाली आली. २०२२ च्या आरंभी डॉलरला ८६ टका पडत. २०२५ मध्ये तो १२२ टक्यांवर गेला. शेजारच्या श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचे दृश्य ढाक्याच्या राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर होते. जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ४.७ अब्ज डॉलरचे साहाय्य मंजूर करून घ्यावे लागले.

अशा वेळी कोणतेही सरकार काय करते? घरातला मिळवता हात आखडला की गृहिणी जे करते तेच. जे टाळता येत नाही ते चालू ठेवायचे आणि जे टाळता येते ते बंद करायचे. मे २०२२ मध्ये बांगलादेशाने शंभराहून अधिक वस्तूंवर जादा आयातशुल्क बसवले. त्या यादीत परदेशी फळे होती, फुले होती, सौंदर्यप्रसाधने होती, फर्निचर होते. कापूस नव्हता. ज्या देशाच्या निर्यातीतील पाचांपैकी चार डॉलर तयार कपड्यांतून येतात, तो देश कापसाला दार बंद करू शकत नाही. संत्र्याला करू शकतो. वरूडचे संत्रे ढाक्याच्या मध्यमवर्गाला कितीही प्रिय असले, तरी अडचणीच्या काळात ते चैनीच्या सदरात पडले.

यातला पहिला धडा आपल्यासाठी आहे. ग्राहकाला ज्याच्यावाचून चालते अशी वस्तू विकणाऱ्याचा व्यापार ग्राहकाच्या बऱ्या दिवसांपुरताच असतो. आणि एकाच ग्राहकावर भिस्त ठेवली असेल, तर त्याचे वाईट दिवस हे आपलेही वाईट दिवस ठरतात. त्याच्यावर रागावून यात फरक पडत नाही.

तागापासून कपड्यापर्यंत

परंतु बांगलादेशाची गोष्ट केवळ अडचणीची नाही. १९४७ च्या फाळणीत तागाची शेते पूर्व बंगालकडे आली आणि तागाच्या गिरण्या हुगळीच्या काठी भारतात राहिल्या. पिकवायचे एकाने आणि विणायचे दुसऱ्याने, ही त्या प्रदेशाची जुनीच रड होती. नारायणगंजला १९५१ मध्ये आदमजी तागगिरणी उभी राहिली, पण तागाच्या निर्यातीतून मिळणारे परकीय चलन खर्च होई ते मुख्यतः पश्चिम पाकिस्तानात. शेख मुजीबुर रहमान यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये जो सहा कलमी कार्यक्रम मांडला, त्यातील एक कलम दोन्ही भागांच्या परकीय चलनाचे हिशेब वेगळे ठेवा असे होते. एका प्रदेशाने आपल्या व्यापाराचा हिशेब मागितला आणि त्या मागणीच्या अखेरीस १९७१ मध्ये एक देश जन्माला आला, हे आपण विसरता कामा नये. भाषेचा प्रश्न तर होताच, जमाखर्चाचाही होता.

नव्या देशाच्या हाती मात्र तागच होता, आणि जगाचा बाजार तोवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांकडे वळू लागला होता. १९७९ मध्ये देश गारमेंट्स नावाच्या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि सुमारे १३० तरुण-तरुणींना शिवणकामाच्या कारखानदारीचे शिक्षण घेण्यासाठी कोरियात पाठवले. ही माणसे परतली, त्यांतील अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले, आणि ज्या देशात कापसाचे पीक गरजेच्या मानाने नगण्य आहे तो देश जगाचे कपडे शिवू लागला. श्रीमंत देशांनी इतरांच्या कपड्यांवर कोटा बसवला होता, बांगलादेशाच्या वाट्याला मोकळीक होती. कच्चा माल बिनजकातीचा आणून ठेवण्यासाठी सरकारने गोदामांची सवलत दिली. ग्राहकाच्या पतपत्राच्या आधारावर कापडाची उधारी मिळण्याची सोय केली. २०२४-२५ या वर्षात त्या देशाची मालाची निर्यात सुमारे ४८ अब्ज डॉलर झाली, तीपैकी ३९ अब्ज डॉलर कपड्यांचे.

तरीही, आणि ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे, मालाच्या व्यापारात बांगलादेश स्वातंत्र्यापासून जवळजवळ दर वर्षी तुटीत आहे. विकतो त्यापेक्षा विकत अधिक घेतो. ही तूट भरून निघते ती आखाती देशांत, मलेशियात आणि इतरत्र राबणाऱ्या त्याच्या मजुरांनी घरी पाठवलेल्या पैशांतून. २०२४-२५ मध्ये ही रक्कम ३० अब्ज डॉलरवर गेली. म्हणजे तोल सांभाळला जातो तो दोन प्रकारच्या श्रमांवर: घरच्या कारखान्यातील बायकांच्या आणि परक्या वाळवंटातील पुरुषांच्या.

पाठ्यपुस्तक वाचणारा विद्यार्थी येथे विचारील, की तुटीतला देश पुढे कसा जातो? त्याचे उत्तर शोधण्यासाठी ढाक्याला जाण्याचे कारण नाही. त्याच्या नेमका उलटा दाखला आपल्या घरी आहे. शिल्लक भरपूर आणि घर मात्र रिकामे, असा.

वऱ्हाड नावाचा एक अपुरा देश

वऱ्हाड हा कायद्याच्या दृष्टीने दीर्घकाळ ब्रिटिश हिंदुस्थानाचा भाग नव्हता. १८५३ च्या तहाने निजामाने हे जिल्हे फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतले. १९३६ च्या कराराने निजामाचे सार्वभौमत्व कागदावर पुन्हा मान्य झाले आणि त्याचा युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणवू लागला. १९४७ पर्यंत हा प्रकार होता. म्हणजे सुमारे ९४ वर्षे वऱ्हाड हा एक वेगळा, पण स्वतःचे सरकार नसलेला मुलूख होता. अशा मुलुखाच्या व्यापाराचा तोल तपासणे ही केवळ कल्पनेची करामत नव्हे.

आगगाडीपूर्वी येथील कापूस बैलांच्या पाठीवर शेकडो कोस चालून गंगाकाठच्या मिर्झापूरच्या बाजारात जाई. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि साऱ्या जगाचे लक्ष वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली लोहमार्गाची शाखा बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. मार्च १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. कापसाच्या बाजारासाठी व्हाइसरॉय यावा, इतके त्या बाजाराचे महत्त्व होते. बडनेऱ्याहून अमरावतीला जोडणारा फाटाही त्याच सुमारास झाला. रुईच्या गाठी मुंबईला आणि तेथून लिव्हरपूलला जाऊ लागल्या. उलट दिशेने मँचेस्टरचे कापड येऊ लागले.

व्यापाराच्या परिभाषेत बोलायचे तर वऱ्हाडाचा तोल उत्तम होता. जात होते त्याची किंमत येणाऱ्यापेक्षा अधिक होती. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण लोकांच्या तोंडी होतीच. मग ते सोने गेले कोठे? १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध थांबताच भाव कोसळले आणि चढत्या भावाच्या आशेने काढलेली कर्जे मात्र डोक्यावर राहिली. शेतसारा रोखीने द्यायचा म्हणून ज्वारीची वावरे कपाशीखाली गेली. विणकराचा माग बंद पडला. सारा सरकारकडे, व्याज सावकाराकडे, नफा अडत्याकडे आणि निर्यातदाराकडे, आणि कारभाराचा खर्च भागून जे उरे ते प्रदेशाबाहेर. १८९९-१९०० च्या दुष्काळात आगगाडी दाराशी असताना या सोन्याच्या मुलुखात माणसे अन्नावाचून मेली. गाडीतून धान्य येऊ शकत होते, ते विकत घेण्याची ताकद लोकांत उरली नव्हती.

दादाभाई नौरोजींनी साऱ्या हिंदुस्थानाविषयी हेच सांगितले होते. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे सार असे की निर्यात आयातीपेक्षा अधिक असणे हे या देशाच्या बाबतीत समृद्धीचे चिन्ह नसून गळतीचे चिन्ह आहे. १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीला भरले. त्याच अमरावतीचे रघुनाथराव मुधोळकर पुढे औद्योगिक परिषदेच्या कार्यात अग्रभागी राहिले. कच्चा माल विकून देश मोठा होत नाही, हे त्या पिढीच्या वऱ्हाडी वकिलांनाही पक्के ठाऊक होते.

तेव्हा निष्कर्ष असा निघतो की तोलाच्या आकड्याला स्वतंत्र अर्थ नाही. बांगलादेश तुटीत राहूनही वर चढला, कारण येणाऱ्या मालावर तेथे काम होत होते आणि त्या कामाची मजुरी तेथेच राहत होती. वऱ्हाड शिलकीत राहूनही खचले, कारण जाणाऱ्या मालावर येथे काम होत नव्हते आणि आलेला पैसा येथे थांबत नव्हता. तोल दीर्घकाळ टिकेल की नाही हे ठरवायचे असेल तर किती विकले याआधी, विकलेल्या मालात आपले श्रम किती आणि मिळालेल्या पैशातून आपल्याकडे राहिले किती, हे विचारले पाहिजे.

प्रदेशाची हुंडणावळ

येथे कोणी म्हणेल की हा सारा जुना इतिहास झाला. आता मलकापूरला जकातनाका नाही, वऱ्हाडाचे वेगळे नाणे नाही, मग वऱ्हाडाच्या व्यापाराचा तोल ही भाषाच कशाला? प्रश्न रास्त आहे. पण नेमके नाणे नाही म्हणूनच हा प्रश्न अधिक कठीण होतो.

देश तुटीत आला तर त्याच्या चलनाचा दर उतरतो. टका ८६ वरून १२२ वर जातो, परदेशी वस्तू महागतात, देशी माल बाहेर स्वस्त होतो, आणि हळूहळू तोल सावरतो. यात लोकांना त्रास होतो, पण तो सर्वांत वाटला जातो. शिवाय त्या देशाला आपल्या दारावर शुल्क बसवता येते. प्रदेशाला यांपैकी काहीच करता येत नाही. वऱ्हाडचा रुपया आणि पुण्याचा रुपया एकच. वऱ्हाडात बाहेरून येणारे कापड, औषध, मोटारसायकल, मोबाइल, बियाणे, खत आणि कीटकनाशक यांची किंमत वाढत गेली आणि येथून जाणाऱ्या कापूस-सोयाबीनची त्या मानाने वाढली नाही, तर हा फरक कोठल्याही दराने भरून निघत नाही. तो भरून निघतो माणसांनी. प्रदेशाचे नाणे उतरत नाही. प्रदेशातली तरुण मुले गाडीत चढतात.

बडनेरा स्थानकावर पुण्याकडे जाणारी कोणतीही गाडी सुटताना पाहावी. पूर्वी या स्थानकातून गाठी जात; आता अभियांत्रिकीची, वाणिज्याची, औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतलेली मुले जातात. त्यांना येथवर शिकवले ते येथील शिक्षकांनी, त्यांच्या शिक्षणाचा खर्च केला तो येथील कपाशीने आणि येथील पगाराने. त्यांच्या कामाचे फळ मात्र हिंजवडीला किंवा चाकणला पडते, आणि दरमहा घरी येणाऱ्या चार-दहा हजारांत वऱ्हाडाचा तोल सावरतो. ढाक्याचा मजूर आखातातून पैसे पाठवतो, अकोल्याचा मुलगा पुण्यातून. मुलांनी जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. ज्याला जावेसे वाटते त्याने अवश्य जावे. पण ज्याला राहावेसे वाटते त्यालाही जावेच लागते, तेव्हा त्याला स्थलांतर न म्हणता निर्यात म्हणावे लागते, आणि तीही कच्च्या मालासारखीच.

क्विंटलभर कापसाचा हिशेब

कापसाचा हिशेब शाळेतल्या मुलालाही मांडता येईल. एक क्विंटल कपाशीतून सरकी वेगळी केली की सुमारे ३४ किलो रुई निघते. सूतगिरणीतील आणि कापणीतील घट वजा जाता त्या रुईतून शंभरेक शर्ट होतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एका शर्टामागे कास्तकाराच्या हाती पडले ८० रुपयांच्या आसपास, आणि त्यातूनच बियाणे, फवारणी, निंदण आणि वेचणी भागवायची. तोच साधा शर्ट दुकानात पाच-सातशे रुपयांना मिळतो. मधली रक्कम चोरीची नाही. ती सूत काढणाऱ्याची, विणणाऱ्याची, रंगवणाऱ्याची, शिवणाऱ्याची आणि विकणाऱ्याची आहे. प्रश्न इतकाच की ही माणसे कोणत्या गावी राहतात. येथील बहुतांश रुई जिनिंग-प्रेसिंगच्या पलीकडे न जाता गाठींच्या रूपानेच बाहेर पडते, तेव्हा ती माणसे वऱ्हाडात राहत नाहीत, हे उघड आहे.

पूर्वी ती काही प्रमाणात राहत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडनेऱ्यात कापडगिरणी आली; अकोला, अचलपूर, हिंगणघाट आणि नागपूर येथेही गिरण्यांचे भोंगे वाजत. बडनेऱ्याची विजय मिल बंद पडली. अकोल्याच्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या आणि कालांतराने थांबल्या. अचलपूरला मोठ्या आशेने उभी केलेली फिनले मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि नंतर वर्षानुवर्षे थांबूनच राहिली. कच्च्या मालाच्या दाराशी असलेल्या गिरण्या बंद पडाव्यात आणि कापूस न पिकवणाऱ्या देशात गिरण्या चालाव्यात, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: कापूस जवळ असणे ही फार छोटी अनुकूलता आहे. वीज, पाणी, कुशल हात, बंदरापर्यंतचे भाडे, आणि यंत्र वेळेवर बदलण्याची तयारी या मोठ्या.

कापसाच्या भावाला सरकारी भिंत बांधून पाहण्याचाही प्रयोग आपण केला. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि जवळजवळ तीस वर्षे चालली. तिने वाईट वर्षांत अनेकांना तारले हे नाकारता येणार नाही. परंतु बाहेर भाव चढला की कापूस रातोरात मध्य प्रदेशाच्या आणि आंध्राच्या वाटेने जाई, आणि बाहेर भाव पडला की सारा कापूस सरकारच्या गळ्यात. कच्च्या मालाभोवतीची भिंत नेहमी अशीच झिरपते.

त्यानंतर मोकळा बाजार आला, पण तो एकाच दिशेने मोकळा. भाव चढू लागताच ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. काही दिवसांत ती सैल करावी लागली, पण बाजाराला बसायचा तो धक्का बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले, कापड-उद्योग अडचणीत आला, आणि त्याला दिलासा म्हणून परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क ऐन हंगामाच्या तोंडावर माफ झाले. ही माफी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत लांबली. गिरणीला दिलासा देणे चुकीचे नव्हते. तेथेही लाखो कामगार आहेत. पण दोघांत एकाला सोसावे लागले तर कच्चा माल विकणाऱ्यानेच सोसायचे, हा नियम १८६५ पासून आजवर बदललेला नाही.

टिकाऊपणाची कसोटी

आता पुन्हा बांगलादेशाकडे वळू. कारण त्याने वऱ्हाडाने न केलेले काम केले असले, तरी त्याचा तोल निर्धास्त आहे असे नाही. ज्या सवलतींच्या आधाराने त्याचे कपडे युरोपात बिनशुल्क जात, त्या अल्पविकसित देशांसाठी आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये ठरवलेल्या वेळापत्रकात त्या गटातून त्याने बाहेर पडण्याची तारीख २४ नोव्हेंबर २०२६ ही होती. निर्यातीचा पाचातील चार हिश्श्यांचा भार एकाच धंद्यावर आहे. तागाच्या जागी कपडे आले, पण एकाच खांबावर घर उभे करण्याची रीत तीच राहिली. आणि त्या खांबाची किंमत कोणी दिली, हे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार ठार झाले तेव्हा साऱ्या जगाने पाहिले. स्वस्त श्रमावर मिळवलेला तोल माणसांच्या हाडांवर उभा असतो. तोही टिकाऊ म्हणता येणार नाही. शिवाय राजकारण आहेच. २०२५ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात थांबवली, मे महिन्यात भारताने त्याच्या तयार कपड्यांना तो मार्ग बंद केला. दोन सरकारे रुसली की सुताच्या आणि कपड्याच्या गाड्या रांगेत उभ्या राहतात.

तेव्हा कसोट्या तीन धराव्या लागतात. विकल्या जाणाऱ्या मालात स्थानिक श्रम आणि कौशल्य किती. माल आणि ग्राहक एकाहून अधिक आहेत काय. आणि त्या श्रमाची मजुरी माणसाने माणसासारखे जगावे इतकी आहे काय. पहिल्या कसोटीला बांगलादेश उतरला, दुसरीत आणि तिसरीत अडखळला. वऱ्हाड पहिल्याच पायरीवर बसून आहे.

आपण मागायचे काय?

अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे पीएम मित्र योजनेखालील वस्त्रोद्यान उभे करण्याचे ठरले असून त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून पंतप्रधानांच्या हस्ते झाली. अशा प्रकल्पांचे मोजमाप आपल्याकडे एकर आणि कोटी यांत करण्याची प्रथा आहे. किती एकर जमीन, किती कोटींचे करार. या मापाला आपण हरकत घेतली पाहिजे. बडनेऱ्याच्या आणि अमरावतीच्या वाचकाने दर वर्षी विचारावे ते असे, की या जिल्ह्याच्या रुईपैकी किती गाठी तेथे सुतात बदलल्या, किती सूत कापडात आणि किती कापड कपड्यात. तेथे कामाला लागलेल्यांपैकी किती जण पंचक्रोशीतले आणि त्यांना मजुरी काय मिळाली. येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतने त्या कामासाठी मुले तयार करीत आहेत काय, हाही प्रश्न त्यातच येतो. कोरियाला गेलेल्या १३० जणांनी एका देशाचा व्यापार बदलला. इमारतींनी तो बदललेला नाही.

संत्र्याबाबतही हेच. शुल्काची निम्मी भरपाई ही एका हंगामाची मलमपट्टी झाली. नागपुरी संत्रे बियांचे, त्याचा रस ठेवला की कडवट होतो, म्हणून त्यावर प्रक्रिया कठीण हे खरे. पण नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. कमी बियांचे वाण, शीतगृहे, वर्गवारी, दूरच्या बाजारांना लागणारी रोगमुक्त रोपे, ही कामे अनुदानाच्या घोषणेइतकी आकर्षक नसली तरी दुसरा, तिसरा ग्राहक मिळवून देणारी तीच आहेत.

आणि या सगळ्याआधी एक साधी गोष्ट हवी. आपल्या जिल्ह्यातून काय जाते, काय येते, याचा एकत्र हिशेब सामान्य नागरिकाला कोठे पाहायला मिळतो? बाजार समितीकडे आवक आहे, रेल्वेकडे मालाच्या नोंदी आहेत, वस्तू व सेवा कराच्या मालवाहतूक-पत्रकांत बाकीचे आहे, बँकांकडे ठेवी आणि कर्जांचे आकडे आहेत. हे सारे एकत्र मांडून अमरावती आणि अकोला जिल्ह्यांचे वार्षिक व्यापारपत्रक प्रसिद्ध करणे जिल्हा नियोजन समितीला अशक्य नाही. ते होईपर्यंत महाविद्यालयांच्या वाणिज्य आणि अर्थशास्त्र विभागांनी निदान एका तालुक्यापासून आरंभ करावा. विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी व्यापारतोलाची व्याख्या पाठ करावीच लागते. ती आपल्या बाजार समितीच्या वहीवर ताडून पाहिली तर ती अधिक चांगली कळेल. कचेऱ्यांतील ज्या मंडळींच्या हातांखालून हे कागद रोज जातात, त्यांनाही त्या आकड्यांचा अर्थ सांगण्याचा अधिकार आहे.

पूर्व बंगालने १९६६ मध्ये आपल्या कमाईचा हिशेब वेगळा मागितला होता. आपल्याला वेगळे नाणे नको, सरहद्दही नको. हिशेब मात्र हवा. तो समोर आला की बडनेऱ्याहून पुण्याला गेलेल्या मुलाचा खर्च त्यात कोणत्या बाजूला मांडायचा, हे ठरवावे लागेल, आणि ते एकदा जाहीरपणे ठरले की नांदगाव पेठेच्या प्रकल्पाला विचारायचे प्रश्नही बदलतील.